धन मूळ, ऋण मूळ : कोणते ठेवावे, कोणते सोडावे?

फळ्यावर दोन प्रश्न शेजारी शेजारी लिहावेत. पहिला : √९ ची किंमत किती? दुसरा : क्ष² = ९ असल्यास क्ष ची किंमत किती? पुष्कळ वर्गांत विद्यार्थी या दोन्ही प्रश्नांस एकच उत्तर देतात. कोणी दोन्हींस ३ म्हणतो, तर कोणी दोन्हींस ±३ म्हणतो. अशा प्रत्येक विद्यार्थ्याचे एक उत्तर बरोबर व एक उत्तर चूक असते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर केवळ ३ हे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर +३ किंवा −३ असे आहे.

हा भेद सूक्ष्म आहे, तेव्हा तो माध्यमिक शाळेसाठी राखून ठेवावा, असे काही शिक्षकबंधूंचे म्हणणे असते. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. वर्गमूळाची पहिली ओळख प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांतच होते, आणि चुकीची समजूत रुजावयाची ती तेथेच रुजते. पुढे वर्गसमीकरणे सुरू झाली म्हणजे तोच विद्यार्थी अर्धे उत्तर लिहून थांबतो, अथवा प्रश्नाशी विसंगत असे उत्तर लिहून मोकळा होतो. त्याचे दोन-चार गुण जातात ही गोष्ट गौण होय. खरी हानी निराळीच आहे. ऋण उत्तर एका उदाहरणात ठेवावयाचे व दुसऱ्यात खोडावयाचे, हे तपासणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, असे त्याच्या मनाने एकदा घेतले की तो विचार करणे सोडतो आणि गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तरे देऊ लागतो.

वर्गमूळे दोन, चिन्ह एकाचेच

ऋण संख्येचा वर्ग धन येतो, ही गोष्ट मुलांस नियम म्हणून पाठ असते. परंतु ती पटलेली असतेच असे नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात धन व ऋण संख्यांचे नियम सांगितले. धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज, ही कल्पना बेरीज-वजाबाकीस फार सोयीची आहे. गुणाकारास मात्र ती अपुरी पडते, कारण कर्जाला कर्जाने गुणणे म्हणजे काय, हे मुलास सांगता येत नाही. तेथे पाढ्याचाच आधार घ्यावा. ३ × (−३) = −९, २ × (−३) = −६, १ × (−३) = −३, ० × (−३) = ० असे एकाखाली एक लिहीत जावे. प्रत्येक ओळीस उत्तर ३ ने वाढत आहे, हे मुलेच सांगतील. तोच क्रम पुढे चालविला म्हणजे (−१) × (−३) = ३, (−२) × (−३) = ६ आणि (−३) × (−३) = ९ हे आपोआप हाती येते. सक्तीने मानावयास लावलेल्या नियमापेक्षा या सात ओळी अधिक काम करतात.

तेव्हा ९ या संख्येची वर्गमूळे दोन आहेत : +३ आणि −३. शून्याचे वर्गमूळ एकच, ते म्हणजे शून्य. ऋण संख्येस, शाळेत ज्या संख्या आपण शिकवितो त्यांमध्ये, वर्गमूळ नाही. कारण कोणत्याही संख्येचा वर्ग ऋण येत नाही. भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात नेमके हेच सांगितले आहे : धन संख्येस धन व ऋण अशी दोन मुळे असतात, आणि ऋण संख्येस मूळ नसते, कारण ती वर्गसंख्याच नव्हे.

मग √९ म्हणजे केवळ ३ असे का? याचे कारण √ हे चिन्ह दोन मुळांपैकी एकाचे नाव आहे. ऋण नसलेल्या मुळाचे ते नाव होय. हे चिन्ह जर्मन गणिती रुडॉल्फ याच्या १५२५ साली छापलेल्या बीजगणिताच्या पुस्तकात आढळते. चिन्ह हे नाव असल्याने त्याने एकाच संख्येचा बोध झाला पाहिजे. गावात एकाच नावाचे दोघे असतील तर पत्रावर नुसते नाव लिहून भागत नाही. √९ चे दोन अर्थ घेतले आणि √४ चेही दोन घेतले, तर √९ + √४ या साध्या बेरजेची ५, १, −१ व −५ अशी चार उत्तरे होतील. अशा चिन्हाने हिशेब करणे अशक्य होईल. म्हणून ऋण मूळ दाखवावयाचे असल्यास −√९ असे स्पष्ट लिहावे लागते, आणि दोन्ही दाखवावयाची असल्यास ±√९ असे लिहितात. √ मध्येच दोन्ही मुळे सामावलेली असती, तर त्यामागे ± लिहिण्याचे प्रयोजनच उरले नसते. हा मुद्दा वर्गात बोलून दाखविल्यास हुशार विद्यार्थ्यांस तो तत्काळ पटतो.

आजकाल मुलांच्या हाती गणकयंत्र वा मोबाइल असतो. त्यावर ९ चे वर्गमूळ काढल्यास ३ एवढेच दिसते, आणि यंत्राने −३ दाखविले नाही म्हणून ते उत्तर नाहीच, असा तर्क मुले करतात. यंत्राने वर दिलेल्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर दिले आहे. दुसरा प्रश्न त्यास कोणी विचारलेलाच नाही, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावे.

दुसऱ्या प्रश्नात ± येतो तो √ या चिन्हातून येत नसून प्रश्नातून येतो. 'ज्या ज्या संख्येचा वर्ग ९ आहे, ती प्रत्येक संख्या सांगा' असे क्ष² = ९ हे समीकरण आपणास सांगत असते. 'दोन्ही बाजूंचे वर्गमूळ घेऊन' ही ओळ आपण फार लवकर शिकवितो, असे लेखकास वाटते. तिच्याऐवजी आरंभी अवयव पाडून दाखवावे. क्ष² − ९ = ०, म्हणून (क्ष − ३)(क्ष + ३) = ०. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांतील एक तरी शून्य असलीच पाहिजे; म्हणून क्ष = ३ किंवा क्ष = −३. या रीतीत दुसरे उत्तर विसरण्यास जागाच राहत नाही. येथे आपल्या भाषेतील एक अडचणही सांगून ठेवावी. संख्येचे 'वर्गमूळ' आणि समीकरणाचे 'मूळ' हे दोन निराळे शब्द आहेत; दुसऱ्याचा अर्थ समीकरणास समाधानी करणारी किंमत असा आहे. दोन्हींस नुसते 'मूळ' म्हटल्याने मुलांचा गोंधळ होतो. पहिले काही दिवस तरी समीकरणाच्या बाबतीत 'उकल' हाच शब्द वापरावा.

चार बरोबर पाच

√(क्ष²) = क्ष असे लिहिण्याची सवय सर्वत्र आढळते. क्ष धन असेपर्यंत ती निभावते. परंतु क्ष = −५ असेल तर क्ष² = २५ आणि √२५ = ५ होते; −५ होत नाही. म्हणून √(क्ष²) म्हणजे क्ष चे केवलमूल्य, असे म्हणणेच बरोबर आहे. केवलमूल्य हा शब्द मुलांस अवघड वाटल्यास 'चिन्ह सोडून उरलेली संख्या' असे सांगावे.

या सवयीचा परिणाम किती दूर जातो, हे दाखविण्यास एक जुना गमतीचा प्रकार उपयोगी पडतो. १६ − ३६ = २५ − ४५ हे खरे आहे, कारण दोन्ही बाजू −२० आहेत. दोन्ही बाजूंत ८१/४ मिळवावे. आता डावी बाजू (४ − ९/२)² होते व उजवी बाजू (५ − ९/२)² होते. दोन्ही बाजूंचे वर्गमूळ घेतले तर ४ − ९/२ = ५ − ९/२, म्हणजेच ४ = ५! येथपर्यंत वर्ग शांत बसला असेल तर चूक शोधण्याचे काम त्याच्यावरच सोपवावे आणि घाई करू नये. डावीकडच्या कंसाची किंमत −१/२ आहे, उजवीकडच्या कंसाची +१/२ आहे. दोहोंचे वर्ग समान आहेत; त्या संख्या समान नाहीत. वर्ग समान असले म्हणजे संख्या समान, अथवा चिन्हाने विरुद्ध, एवढेच म्हणता येते.

खुंटीचे अंतर आणि खुंटीची जागा

आता शाब्दिक उदाहरणांकडे वळू. खरी अडचण येथेच आहे.

मांडवाचा ३ मीटर उंचीचा खांब सपाट जमिनीवर सरळ उभा आहे. त्याच्या शेंड्यास बांधलेला दोर ताणून जमिनीवर खुंटीस बांधला असता त्याची लांबी ५ मीटर भरते. खुंटी खांबापासून किती अंतरावर आहे? काटकोन त्रिकोणाच्या नियमाने क्ष² = २५ − ९ = १६. अंतर ऋण नसते, म्हणून उत्तर ४ मीटर. आता प्रश्नात थोडाच फरक करावा. खांब एका पूर्व-पश्चिम रेषेवर उभा आहे. पूर्वेकडील अंतर धन व पश्चिमेकडील अंतर ऋण मानल्यास त्या रेषेवर खुंटी कोठे ठोकता येईल? समीकरण तेच, क्ष² = १६. परंतु आता +४ आणि −४ ही दोन्ही उत्तरे खरी आहेत, आणि मांडव घालणारा खरोखरच दोन्ही बाजूंस खुंट्या ठोकतो. समीकरणात तिळमात्र फरक नाही. फरक आहे तो क्ष या अक्षराच्या अर्थात. म्हणून उदाहरण सोडविण्यापूर्वी 'क्ष म्हणजे काय' हे एका पूर्ण वाक्यात लिहून घेण्याचा आग्रह धरावा. 'क्ष मानू' एवढे लिहून पुढे जाणाऱ्या विद्यार्थ्याजवळ शेवटी उत्तर निवडण्याचे साधनच राहत नाही.

भास्कराचार्यांची तीन उदाहरणे

उत्तरे कशी निवडावीत हे शिकविण्यास भास्कराचार्यांच्या ग्रंथांइतकी चांगली सामग्री लेखकास अन्यत्र आढळली नाही. सिद्धांतशिरोमणी त्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, पूर्ण केला. लीलावती व बीजगणित हे त्याचेच भाग मानले जातात. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. पुढील तीन उदाहरणांपैकी दोन बीजगणितातील व एक लीलावतीतील आहे.

पहिले. वानरांच्या एका कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात आनंदाने खेळत आहे, आणि उरलेले बारा वानर टेकडीवर ओरडत आहेत. कळपात एकूण वानर किती? एकूण वानर क्ष मानल्यास (क्ष/८)² + १२ = क्ष. यावरून क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०, म्हणजेच (क्ष − ३२)² = १०२४ − ७६८ = २५६. म्हणून क्ष − ३२ = ±१६ आणि क्ष = ४८ किंवा १६. ताळा पाहावा. ४८ चा आठवा भाग ६, त्याचा वर्ग ३६, त्यात १२ मिळवून ४८. १६ चा आठवा भाग २, त्याचा वर्ग ४, त्यात १२ मिळवून १६. दोन्ही उत्तरे निर्दोष आहेत, आणि भास्कराचार्यांनी दोन्ही स्वीकारली आहेत. येथे २५६ चे ऋण मूळ सोडून दिले असते तर एक खरे उत्तर हरवले असते. ऋण मूळ घेतल्याने उत्तर ऋण येतेच असे नाही, हेही येथे दिसून येते. क्ष − ३२ हे ऋण असले तरी क्ष धनच आहे.

दुसरे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जी संख्या येते तिच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले. एक वानर फांदीवर चढलेला दिसतो. एकूण किती? (क्ष/५ − ३)² + १ = क्ष. हे सोडविले असता क्ष² − ५५क्ष + २५० = ०, म्हणजे (क्ष − ५०)(क्ष − ५) = ०. ५० चा ताळा जमतो : पाचवा भाग १०, तीन वजा जाता ७, वर्ग ४९, आणि एक मिळून ५०. ५ चाही ताळा आकड्यांत जमतो : पाचवा भाग १, तीन वजा जाता −२, वर्ग ४, आणि एक मिळून ५. तथापि भास्कराचार्य ५ हे उत्तर नाकारतात. एका वानरातून तीन वानर कसे वजा करावयाचे? प्रत्यक्ष मोजावयाच्या वस्तूंची संख्या ऋण असते, यावर लोकांचा विश्वास बसत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. शिक्षकांनी येथे क्षणभर थांबावे. दोन्ही उत्तरे धन आहेत, तरी त्यांतील एक बाद झाले! 'ऋण उत्तर आले तर ते खोडावे' हा आपल्या वर्गांतील आवडता नियम या उदाहरणापुढे निरुपयोगी ठरतो. उत्तराचे चिन्ह पाहून भागत नाही. ते उत्तर हाती घेऊन कथेच्या प्रत्येक पायरीवरून चालत जावे लागते.

तिसरे उदाहरण लीलावतीतील अर्जुनाच्या बाणांचे आहे. कर्णाच्या वधासाठी घेतलेल्या बाणांपैकी निम्म्या बाणांनी अर्जुनाने कर्णाचे बाण निवारले, एकूण बाणसंख्येच्या वर्गमूळाच्या चौपट बाणांनी घोडे मारले, सहा बाणांनी शल्यास रोखले, तिहींनी छत्र, ध्वज व धनुष्य छेदले, आणि एका बाणाने कर्णाचे शिर उडविले. एकूण बाण किती? क्ष/२ + ४√क्ष + १० = क्ष. सोयीसाठी √क्ष = य मानू, म्हणजे क्ष = य². मग य² − ८य − २० = ०, म्हणजे (य − १०)(य + २) = ०. य = १० घेतल्यास क्ष = १००, आणि ताळा जमतो : ५०, ४०, ६, ३ व १ मिळून १००. य = −२ घेतल्यास क्ष = ४ येते. चार बाण ही संख्या धन आहे, पूर्ण आहे, दिसावयास साधी आहे. पण ताळा पाहावा : निम्मे २, वर्गमूळाची चौपट ८, आणि १० मिळून २०. चारच्या जागी वीस! हे उत्तर मूळ समीकरणासच समाधानी करीत नाही.

दुसऱ्या व तिसऱ्या उदाहरणांतील फरक मुलांकडून वदवून घ्यावा. पाच वानरांनी समीकरण सांभाळले होते. ते बाद झाले कथेमुळे. चार बाण बाद झाले ते समीकरणामुळेच. युद्धाची कथा काढून टाकली तरी ते बाद होतील. य हे √क्ष चे नाव होते, आणि √ हे चिन्ह ऋण संख्या दाखवीत नाही; तेव्हा य = −२ ही किंमत आरंभापासूनच अग्राह्य होती. आरंभी सांगितलेला √९ चा संकेत किती उपयोगाचा आहे, हे येथे कळून येते.

उत्तरपत्रिका तपासताना

शाळेपुढील आयताकृती अंगणाची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त असून क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर आहे, तर रुंदी किती? क्ष² + ५क्ष − ८४ = ०; क्ष = ७ किंवा −१२. रुंदी ऋण नसते, म्हणून ७ मीटर रुंदी व १२ मीटर लांबी. (जिज्ञासू मुलांस दाखवावे की नाकारलेल्या उत्तरात लांबीचाच १२ हा आकडा दडलेला आहे : रुंदी −१२ मानल्यास लांबी −७ येते आणि गुणाकार पुन्हा ८४ होतो. समीकरणास अंगण ठाऊक नसते. त्याला गुणाकार व फरक एवढेच ठाऊक असतात.)

या उदाहरणात एका विद्यार्थ्याने केवळ ७ लिहिले, दुसऱ्याने ७ व −१२ दोन्ही लिहून −१२ वर नुसती काट मारली, आणि तिसऱ्याने 'रुंदी ऋण असू शकत नाही म्हणून −१२ अग्राह्य' असे लिहिले. तिघांस सारखेच गुण देण्याचा प्रघात दिसतो. लेखकाच्या मते पूर्ण गुण तिसऱ्यासच द्यावेत. नाकारण्याचे कारण हा उत्तराचाच एक भाग आहे. मात्र समासात नुसती लाल फुली करू नये, 'कारण?' एवढा एक शब्द लिहावा. जेथे विद्यार्थ्याने ऋण उत्तर ठेवले आहे आणि प्रश्नाच्या शब्दांत त्यास अटकाव नाही, तेथे आदर्श उत्तरपत्रिकेत ते नसले तरी पूर्ण गुण दिलेच पाहिजेत. 'दोन क्रमागत पूर्णांकांचा गुणाकार १३२ आहे, ते शोधा' या प्रश्नास ११, १२ आणि −१२, −११ या दोन्ही जोड्या उत्तरे होत. 'नैसर्गिक संख्या' म्हटले असते तरच पहिली एकटी उरते. प्रश्न काढणाऱ्याने योग्य शब्द वापरला नाही, याचा दंड मुलाने का भरावा?

सरावासाठी पुढील दोन समीकरणे एकाच दिवशी, एकाखाली एक द्यावीत : √(क्ष + ६) = क्ष, आणि √(क्ष + ६) = −क्ष. दोहोंचे वर्ग केल्यावर एकच समीकरण मिळते, क्ष² − क्ष − ६ = ०, आणि त्याच्या उकली ३ व −२ या आहेत. पहिल्या समीकरणात ३ चा ताळा जमतो, कारण √९ = ३; −२ चा जमत नाही, कारण √४ म्हणजे २, आणि उजवीकडे आहे −२. दुसऱ्या समीकरणात नेमके उलटे घडते. तेथे −२ घातल्यास डावीकडे √४ = २ आणि उजवीकडे −(−२) = २, म्हणून ते उत्तर टिकते; ३ घातल्यास डावीकडे ३ व उजवीकडे −३ येते, म्हणून ते बाद होते. ऋण उत्तर न पाहताच खोडण्याची सवय जडलेली मुले या दुसऱ्या समीकरणात −२ खोडून ३ ठेवतील. त्यांना लगेच थांबवू नये; दोन्ही किंमती फळ्यावर तशाच राहू द्याव्यात आणि ताळा त्यांनाच पाहू द्यावा.